सेल्टिक फ्युजन बँडची 'केली' म्हणजे गाण्याची मैफल की नाचाचा कार्यक्रम?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे एडिंबराला चालला आहात, तिने एका सेल्टिक फ्युजन बँडच्या (म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोकसंगीतात इतर संगीत मिसळणाऱ्या बँडच्या) केलीची तिकिटं काढून ठेवली आहेत, आणि तुम्हाला दोन शंका आहेत: तिथे बसून ऐकायचं असतं की नाचायचं, आणि आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकलेल्या माणसाला त्यात काही सापडेल का. मी मिरजेत तबला शिकलो, अकरा वर्षांपासून एडिंबरात आहे आणि त्यातली सहा वर्षं एका छोट्या केली बँडमध्ये तालवाद्यं वाजवतोय. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

केली हा गॅलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला शब्द. मूळ अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन बसणं. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री एका घरात जमायचं, कुणी गायचं, कुणी गोष्ट सांगायची, कुणी फिडल, म्हणजे व्हायोलिन काढायची. आज मात्र केली म्हटलं की इथल्या माणसाला नाचाचा हॉलच आठवतो. लग्न असो की वर्षाची शेवटची रात्र, केली हवीच. शाळेत नाताळच्या आधी पीटीच्या तासाला मुलांना हे नाच शिकवतात, म्हणून सत्तरीची आजी आणि पंधरा वर्षांचा नातू एकाच रांगेत न अडखळता नाचताना दिसतात.

आता ताल. जिग आणि रील हे नाचाच्या धूनचे दोन मुख्य प्रकार. जिग सहा मात्रांची, तीन-तीनचे दोन भाग. तुमचा कान तिला लगेच दादरा तालात बसवेल. रील केरव्याच्या अंगाने पळते. पण खरी मेख तालात नाही, आवर्तनात आहे. एका धूनचे सहसा दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा, ठरावीक मापाचा तुकडा). पहिला दोनदा, दुसरा दोनदा, असे 32 बार. नाचाच्या वेगात ते साधारण 35 सेकंदांत संपतात. आणि पुष्कळ नाचही 32 बारचेच बांधलेले असतात.

'डॅशिंग व्हाइट सार्जंट' नावाचा नाच बघा. तिघांची एक ओळ दुसऱ्या तिघांसमोर उभी राहते. पहिल्या आठ बारमध्ये सहाही जण हात धरून गोल फिरतात आणि उलटे परत येतात. पुढच्या आठात मधला माणूस आधी उजवीकडच्याला, मग डावीकडच्याला फिरवतो. त्यानंतरच्या आठात तिघं एकमेकांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढतात. शेवटच्या आठात दोन्ही ओळी पुढे येतात, मागे जातात, पुन्हा पुढे येऊन एकमेकींतून पार होतात आणि समोर नवे तिघं उभे असतात. पायऱ्या ओरडून सांगणारा कॉलर पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर गप्प होतो. पुढे धूनच सांगते. दुसरा भाग सुरू झाला की पायांना कळतं, आता आठचा आकडा.

हे मला माहीत होतं, पण अंगात मुरलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका लग्नात, ऐन रंगात, मी तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायला निघालो. समेवर आली असती तर प्रश्न नव्हता, ती चार बार पुढे सांडली. फिडलवाली माझ्या भरवशावर होती, तिने धून माझ्यासोबत फिरवली. समोरच्या पन्नास-साठ माणसांपैकी अर्धी पुढे गेली, अर्धी जागेवरच राहिली आणि नवरदेवाची आत्या एका पाहुण्यावर आदळून खाली बसली. तिला फारसं लागलं नाही. पण मैफलीत चुकलेली सम दोनचार जाणकारांना खटकते आणि इथे ती माणसांना पाडते, हे त्या रात्री कळलं. तेव्हापासून मी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवतो.

मग तोच बँड कॉन्सर्टमध्ये काय वेगळं करतो? बैठकीची लावणी आणि फडाची लावणी आठवा. समोर बसलेल्यांना आवर्तन मोजायचं नसतं, त्यामुळे धून कितीही वेळा फिरवता येते, मध्येच थांबवता येते, रील विलंबितात घेऊन हळूहळू चढवता येते. फ्युजन बहुतेक इथेच वाढलं. एडिंबराच्या शूगलनिफ्टीने 1990च्या दशकात फिडलच्या धूनखाली क्लबमधल्या नाचाची लय घातली. स्काय बेटावरच्या पीटबॉग फेअरीजनी पाइप्सखाली (म्हणजे बॅगपाइपखाली) फंक या ठेकेदार अमेरिकन संगीताचा बेस आणि ड्रम आणले. साल्सा सेल्टिकाने क्यूबाकडचे ताल घेतले. 1995मध्ये जमलेल्या आफ्रो सेल्ट साउंड सिस्टममध्ये पश्चिम आफ्रिकेतले वादक आयरिश वादकांच्या शेजारी बसले आणि पुढे जॉनी कल्सी यांचा पंजाबी ढोलही त्यात आला. शूगलनिफ्टीने तर राजस्थानी वादकांच्या धुन धोरा या संचासोबत अख्खा अल्बम केला, 2018मध्ये. तो जाण्याआधी नक्की ऐका, तुम्हाला दार त्याच बाजूने उघडेल.

तुमच्या कानाला आणखी दोन गोष्टी आवडतील. एक, गिटार. पुष्कळ वादक ती नेहमीच्या पद्धतीने लावत नाहीत. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, ए, डी, जी, ए, डी. डीला षड्ज माना: सा प सा म प सा. गंधार कुठेच नाही! त्यामुळे धून शुद्ध गंधाराची असो की कोमल, खालचा भरणा तिच्याशी भांडत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तंबोरा कुठे ठेवलाय म्हणून स्टेजवर शोधत होतो. दुसरी गोष्ट पाइप्स. हायलँड पाइपला नऊच स्वर, आणि सप्तक खमाज थाटाचं, निषाद कोमल. पिशवीतली हवा अखंड वाहते, म्हणून दोन स्वरांमध्ये थांबायला जागाच नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा कण टाकावा लागतो. त्या कणांचंच पुढे एक शास्त्र झालंय. मात्र मोठा पाइप हॉलमध्ये बाकी सगळ्यांना झाकून टाकतो आणि त्याची पट्टीही इतर वाद्यांशी सहज जुळत नाही, म्हणून बँडमध्ये बहुधा स्मॉलपाइप किंवा बॉर्डर पाइप हे त्याचे हळू आवाजाचे भाऊबंद दिसतील.

सगळं फ्युजन चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. स्ट्राथस्पे नावाचा एक संथ, डौलदार प्रकार आहे. त्यात आघातावर आधी आखूड आणि मग लांब स्वर येतो, एक झटका बसतो. त्याच्याखाली कुणी संगणकावरचा सरळसोट ठोका लावला की तो झटका सपाट होतो आणि पायाला उचल मिळत नाही. मला तो प्रकार ऐकवत नाही. याउलट मार्टिन बेनेट. 1971 ते 2005, इतकंच आयुष्य मिळालं त्याला. त्याच्या कामात यंत्राचे ठोके भरपूर आहेत, पण तो स्वतः पाइप्स आणि फिडल वाजवत वाढलेला. झटका कुठे जपायचा ते त्याच्या हाताला माहीत होतं.

तुमच्या कार्यक्रमात या दोन्ही तऱ्हा एकाच रात्री भेटतील. बांधलेल्या नाचांना बँड शिस्तीत 32 मोजेल. पण शेवटाकडे 'ऑर्केडियन स्ट्रिप द विलो' लागेल: समोरासमोर दोन लांब रांगा, आणि एकेक जोडी हात अडकवून फिरत फिरत खालपर्यंत जाते. त्यात जोड्या एकामागून एक सुटतात, आवर्तन जुळवायची गरज उरत नाही, आणि तिथे ड्रमर आणि बेसवाला हात मोकळे सोडतात. तो भाग नुसता बसून ऐकला तरी पैसे वसूल.

पण बसू नका. पहिला नाच बहुधा 'गे गॉर्डन्स' असतो, जोड्यांनी मोठ्या गोलात करायचा. मुलीला सोबत घ्या आणि पुढच्या जोडीवर नजर ठेवा. चार पावलं पुढे, जागीच वळून त्याच दिशेला चार पावलं उलटी, मग हेच उलट दिशेने. त्यानंतर ती तुमच्या हाताखाली गिरक्या घेईल आणि शेवटी दोघांनी गोल फिरत पुढे सरकायचं. घसरणार नाहीत असे सपाट बूट घाला आणि स्वेटर खुर्चीवर ठेवा, कारण दुसऱ्या नाचापर्यंत घाम फुटलेला असतो.