मेळघाटात तीन दिवसांत हवे ते पक्षी कसे शोधायचे?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून पहिल्यांदाच मेळघाटला जाताय, हाताशी तीन दिवस आहेत, यादीत बावीस पक्षी आहेत आणि सगळ्यात वर रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं ते दुर्मिळ छोटं घुबड. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून तीसेक ठिकाणांचे पिन मोबाइलमध्ये घेतलेत. एवढ्यावर भागेल, की गाईडवर खर्च करावा?

नाही भागणार. गाईड घ्या, आणि तो तिथल्याच गावातला घ्या. यादी बावीसवरून सहा-सातवर आणा.

इतकं ठासून सांगतोय, कारण हे सगळं मी करून बसलोय. मी कराडचा. कोयना, चांदोली पायाखालची. २०१६ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघे मेळघाटला गेलो. बरोबर आमच्या गटातले एक ज्येष्ठ होते, मी त्यांना सर म्हणतो. त्यांच्याकडे चाळीस पिन आणि मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. निघतानाच मी म्हटलं, सर, तिथला कुणी माणूस बरोबर घेऊ. ते म्हणाले, त्या लोकांना पक्ष्यांतलं काय कळतं, ते आपल्याला वाघाच्या मागे फिरवतील.

दोन दिवस सेमाडोह ते हरिसाल आणि परत. पिन आला की गाडी थांबवायची, वीस मिनिटं बघायचं, पुढे निघायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सागाच्या फांदीवर एक पिंगळा दिसला आणि सरांनी जाहीर केलं, मिळाला! मी दुर्बीण लावली. डोक्यावर पांढरे ठिपके, मीठ भुरभुरावं तसे. पोटावरही तपकिरी ठिपके खालपर्यंत. आपल्या गावात जुन्या वाड्याच्या वळचणीला असतो तोच साधा पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं आणि पोट खाली स्वच्छ पांढरं. मी तसं बोललो. सर रात्री जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच उठलो. आदल्या रात्री जेवण वाढायला होता तो कोरकू आदिवासी वनमजूर बाहेर शेकोटीशी बसला होता. त्याला विचारलं, दादा, दिवसाढवळ्या बोलणारा पिंगळा इथं कुठं असतो? तो लगेच म्हणाला, "दिवसा बोलते तो? आमच्या वावराच्या धुऱ्यावर येते ना भाऊ." पिनबिन काही नाही. त्याच्या गावाच्या शिवारात, नाला जिथं शेताला येऊन भिडतो तिथं त्यानं मला बसवलं आणि म्हणाला, "आता फिरू नका. बसा."

पाऊण तास काहीच नाही. मला राहवेना, मी सारखा वर शेंड्याकडे बघत होतो. कोयनेच्या दाट रानात मान वर करूनच पक्षी बघायची सवय. त्यानं माझ्या कोपराला धरून खाली दाखवलं. मोकळ्या जमिनीच्या कडेला सागाचं वाळकं खोड होतं, माणसाच्या दीडपट उंचीचं. म्हणाला, इथं गवत कमी, म्हणून सरडे दिसतात, म्हणून तो इथं बसतो. नऊच्या सुमारास बुलबुल आणि कोतवाल अचानक कल्ला करायला लागले आणि त्यांच्या मधोमध तो येऊन त्याच खोडावर बसला. ठेंगणा, मानेला जाड, चोच दणकट. शेपटी झटक्याझटक्यानं डावीउजवीकडे हलवत होता. मग सरळ खाली झेपावला आणि पायात सापसुरळी घेऊन वर आला. भर उन्हात, माझ्यापासून पंचवीस पावलांवर.

गाईडवर खर्च करू का, असं विचारता. त्या माणसानं तो पक्षी वर्षानुवर्षं रोज शेतावर जाता-येता बघितलाय. हे ज्ञान कुठल्या नकाशात मिळणार?

आणि नोंदींवर आंधळा विश्वास ठेवल्यानं काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण हाच पक्षी आहे. १८८४ नंतर रानपिंगळ्याचा खरा नमुना, म्हणजे संग्रहालयासाठी भरून ठेवलेला पक्षी, कुणालाच मिळाला नव्हता. पण रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला तो मिळाल्याची चिठ्ठी एका नमुन्याला लावली होती. ती खोटी होती. जेम्स डेव्हिडसन या आधीच्या संग्राहकानं खानदेशात गोळा केलेला जुना नमुना संग्रहालयातून चोरून, नव्यानं भरून त्यानं आपला म्हणून खपवला होता. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नमुन्यांची गावं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांच्या तुकडीला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनीही नोंदीच वापरल्या, हे मला मान्य आहे. पण कुठली नोंद कुणी केली, हे आधी तपासलं.

आता जे अजून सलतं ते. मी परत आल्यावर आनंदाच्या भरात सरांना घेऊन पुन्हा तिथं गेलो. त्यांनी जवळच्या झाडातली ढोली शोधली आणि त्याच संध्याकाळी तिचा पिन व्हॉट्सॲप गटावर टाकला. महिन्याभरात तिथं गाड्या यायला लागल्या. कुणीतरी फोटोत आड येते म्हणून ढोलीसमोरची फांदी तोडली. कुणी स्पीकरवर आवाज लावले. पिंगळ्यांनी ती ढोली सोडली, हे मला त्या वनमजुरानं फोनवर सांगितलं. सर म्हणाले, ज्ञान वाटायचं असतं. मी तेव्हा गप्प बसलो, आज बसणार नाही: ढोलीचा पत्ता वाटणं म्हणजे ज्ञान वाटणं नव्हे. विणीच्या दिवसांत आवाज लावला की जोडी पिल्लं सोडून परक्याला हाकलायला बाहेर येते. स्पीकर घरीच ठेवा.

पिन अगदीच निरुपयोगी असतात असं नाही. भिगवणला किंवा नांदूरमध्यमेश्वरला पाणपक्षी बघायचे तर पिन चालतात, पाणी काही जागा बदलत नाही. मेळघाटातही कुठल्या महिन्यात काय दिसतं हे नोंदींवरून छान कळतं, तेवढं जरूर बघून जा. सफारीत गाडीतून उतरता येत नाही, म्हणून एक सकाळ व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेरच्या गावाच्या शिवारासाठी राखा. आणि फक्त रानपिंगळाच हवा असेल तर इतकं लांब जायलाच हवं असंही नाही, २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यातही सापडलाय.

यादीतल्या बाकीच्या एकवीस पक्ष्यांचं राहिलंच. त्यातले निम्मे तुम्हाला सिंहगडाच्या वाटेवर दिसतील, ते काढून टाका.

जायची तारीख ठरली की कळवा. त्या वनमजुराला विचारून त्याचा नंबर देतो, त्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे द्या. पिन मात्र माझ्याकडे मागू नका.