युरोपातल्या मध्ययुगीन यात्रा-चर्चची बांधणी साध्या चर्चहून वेगळी का असते?

गर्दीमुळे. आणि ती गर्दी यायची संतांच्या अस्थींसाठी.

दक्षिण फ्रान्समधल्या कोंक गावचं सँत फ्वाचं चर्च बघा. फ्वा ही आजाँ शहरातली कोवळी मुलगी, रोमन काळात धर्मापायी मारली गेली. कोंकच्या मठाकडे नाव घेण्याजोग्या अस्थी नव्हत्या. परंपरा सांगते की तिथला एक साधू आजाँला जाऊन राहिला, सगळ्यांचा विश्वास कमावला आणि सुमारे ८६६ मध्ये फ्वाच्या अस्थी चोरून घेऊन आला. अशा चोरीला तेव्हा ‘संतिणीचीच तशी इच्छा होती’ हे उत्तर चालायचं! पुढे ल प्वी या फ्रेंच शहराहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला पायी निघालेल्यांचा इथे मुक्काम पडू लागला आणि अकराव्या शतकाच्या मध्यात मठाधिपती ओदोल्रिकच्या काळात मोठं चर्च उभं राहू लागलं.

मेख अशी की मधल्या भागात साधूंची प्रार्थना चालू असायची आणि यात्रेकरूंना तर अस्थींपाशी जायचं असायचं. म्हणून बाजूची दालनं वेदीच्या मागून वळवून अखंड प्रदक्षिणामार्ग केला. एका बाजूने शिरा, दर्शन घ्या, दुसरीकडून बाहेर पडा. वर सुमारे २२ मीटर उंचीवर अर्धगोल दगडी छत. ते भिंतींना बाहेर ढकलतं. बाजूच्या दालनांवरचे सज्जे हा रेटा पेलतात. त्याची किंमत म्हणजे मधल्या दालनाला छतालगत खिडक्या नाहीत, उजेड बाजूंनी गाळून येतो. मला तो अंधार आवडतो.

पश्चिम दारावरचा अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी देव माणसांना स्वर्ग की नरक ठरवतो त्याचा, कोरीव देखावा मात्र निवांत बघण्याचा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, १२४ आकृत्यांचा, रंगाच्या खुणा अजून टिकलेल्या. नरकात कंजूष माणूस गळ्यात पैशांची थैली घेऊन फासावर लटकलाय. दुसरीकडे फ्वा देवाच्या हातापुढे लोटांगण घालतेय आणि तिच्यामागे बेड्या टांगल्यात. तिच्या कृपेने सुटलेले कैदी त्या आणून वाहत, अशी श्रद्धा होती.

फ्रेंच राज्यक्रांतीत गावकऱ्यांनी चर्चचा खजिना घराघरांत लपवला, म्हणून फ्वाची सोन्याने मढवलेली मूर्ती आजही कोंकमध्येच आहे. इमारत मात्र मोडकळीला आली होती. १८३७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे पाहणीला आला आणि त्याच्या खटपटीने डागडुजी झाली. आताच्या खिडक्या चित्रकार पिएर सुलाजच्या, १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या. रंगीत काचचित्रांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. काच बिनरंगी, अर्धपारदर्शक आहे.