नाशिकजवळच्या शेतघरी वसंतात बाग फुलावी म्हणून आता काय करावं?

जानेवारी संपत आलाय, गिरणाऱ्याकडे शेतघर घेतलंय, मोगरा, आंबा आणि गुलाब आहेत, तर आता रोज पाणी सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. आपल्याकडची बाग ताणावर, म्हणजे काही दिवस पाणी तोडल्यावर, फुलते. डाळिंबवाले असाच ताण देऊन आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, धरतात, तेच घरच्या बागेत करायचं.

आधी मोगरा घ्या, त्याची वेळ आत्ताच आहे. पाणी पूर्ण तोडा. मुरमाड जमिनीत दहा-बारा दिवस पुरतात, काळ्या जमिनीत ओल खोल असते म्हणून तीन आठवडेही लागतात. कुंडीला आठवडा पुष्कळ. पानं पिवळी पडली की झुडूप दीड फुटावर छाटा, वाळक्या आणि काडीसारख्या फांद्या बुडातून काढा, उरलेली पानं हाताने खुडा. आळं चार बोटं खणून दर झुडपाला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. पुढचं पाणी वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिल्यावर. दीड-दोन महिन्यांत, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, कळ्या लागतात. नुसता पालाच माजला तर बहुतेक वेळा युरिया जास्त झालेला असतो, नाहीतर ऊन पाच-सहा तासांहून कमी मिळतंय. कळ्या जांभळट पडल्या तर आत अळी आहे. तेवढ्या तोडून जाळून टाका.

मोहोरलेल्या आंब्याला कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी नको, नाहीतर मोहोराऐवजी पालवी फुटते. नंतर मात्र आठ-दहा दिवसांनी नेमाने द्या. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की कैऱ्या गळतात. मोहोरावर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशी, दिसली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम घेऊन सकाळी फवारा. भर उन्हात फवारलंत तर मोहोर करपेल. फुलं उमललेली असताना कीटकनाशक अजिबात नको. आंब्याचं परागीभवन माश्या-मधमाश्याच करतात.

गुलाबाची खरडछाटणी, म्हणजे खोलवर छाटणी, आता करू नका, कुठेही वाचलं असलं तरी! ते थंड मुलखाचं वेळापत्रक. आपली छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. आता फक्त सुकलेलं फूल त्याखालच्या, पाच छोट्या पानांचा मिळून झालेल्या पानाजवळच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) वर कापायचं.

पानगळीचा पाला पेटवू नका. आळ्यात तीन बोटं पसरा, खोडापासून वीतभर लांब. वाळवी दिसली तर तेवढा पाला उचलून घ्या.

कडुलिंबाला काहीच लागत नाही, फक्त फेब्रुवारीत त्याच्या फांद्या तोडू नका, नाहीतर पाडव्याला फुलोरा मिळायचा नाही. आणि संध्याकाळी बाज टाकायची ती त्याच्याच खाली. आंब्याखाली तुडतुड्यांचा, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या किड्यांचा, चिकटा अंगावर पडतो.