उत्तर: 180 ग्रॅमचं रॉकेट आणि सी6-5 मोटर

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा, इपॉक्सी आणि रंगाचे हात चढवता चढवता 95 ग्रॅमचं मॉडेल रॉकेट 180 वर गेलं. सी6-5 मोटरवर (पावडर जाळून रॉकेट ढकलणारी तयार छोटी नळी) ते उड्डाणाला आधार देणारा रॉड सोडताच वाऱ्याच्या दिशेने वाकलं आणि वजनामुळे थ्रस्ट, म्हणजे मोटरचा जोर, कमी झाला का, असं मुलगा विचारतोय. वाचून राहवलं नाही, कारण इथे अमेरिकेत लेकीच्या शाळेची टीम याच भानगडीत पोळली आहे.

थ्रस्ट कमी झालेला नाही. वर किती ग्रॅम बसलेत याचा आत जळणाऱ्या पावडरला पत्ताच नसतो. सी6 सुरुवातीला क्षणभर 14 न्यूटनच्या आसपास जोर लावते आणि मग साडेचार-पाच न्यूटनवर येते. त्या दुसऱ्या टप्प्यात 95 ग्रॅमला साधारण 37 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण मिळतं, 180 ग्रॅमला जेमतेम 15. म्हणजे वजन दुपटीला पोचलं नाही तरी त्वरण निम्म्याखाली गेलं, कारण गुरुत्वाकर्षणाचा वाटा वजा करून उरेल त्यालाच वस्तुमानाने भागायचं असतं. वेग कमी असताना रॉड सुटला की फिन्सना, म्हणजे शेपटीच्या पंखांना, पुरेशी हवा मिळत नाही, मग वारा ठरवेल तिकडे. उत्पादकाच्या तक्त्यात सी6-5 साठी कमाल 113 ग्रॅम दिलेत, ते उगाच नाही.

पण माझा खरा मुद्दा शेवटच्या आकड्याचा आहे. ते '5' म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद, म्हणजेच डिले. जड रॉकेट कमी वेगाने वर जातं, लवकर थांबतं आणि लवकर खाली वळतं. वजन वाढलं की डिले कमी करावाच लागतो, आणि याकडे फार कमी लोक बघतात.

आमच्या मुलांचं रॉकेट, आत ठेवून उडवायचं अंडं धरून, 340 ग्रॅमचं होतं. ओपनरॉकेट या उड्डाणाचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गणित करून त्यांनी डी12-3, म्हणजे 3 सेकंद डिलेची मोठी मोटर, मागितली होती. शाळांसाठी खरेदी करणाऱ्या कार्यालयाने डी12-7 पाठवली. बदलून मागितली तर उत्तर आलं की यादीत 'डी12' एवढंच आहे आणि ज्वलनशील माल परत होत नाही. सरांनी आलेख जोडून पुन्हा ईमेल केली, तिला उत्तरच नाही. कार्यक्रमाची तारीख जवळ आली आणि आहे तेच वापरा असा निरोप आला. रॉकेट 80-एक मीटर वर गेलं, वळलं आणि नाक खाली करून सरळ आलं. नोजकोन ओल्या मातीत मुठीएवढा रुतला, कागदी नळीच्या घड्या पडल्या, आणि मोटरने 'फट्' करून पॅराशूट बाहेर ढकललं ते जमिनीवर. मैदानाच्या त्या बाजूला कोणी नव्हतं हे नशीब. मुलांचं गणित बरोबर होतं आणि तरीही रडली तीच, याचा मला आजही संताप येतो. फॉर्मवर सही करणाऱ्या एकाने तरी तक्ता उघडून बघायला हवा होता.

तुमच्यासाठी: सी5-3 घ्या. ती त्याच 18 मिलिमीटरच्या नळीत बसते, सुरुवातीचा जोर जास्त आहे आणि कमाल वजन 226 ग्रॅम आहे. डी12 24 मिलिमीटरची असते, तिच्यासाठी माउंट (मोटर बसवायची आतली नळी) बदलावा लागेल. सरासरी थ्रस्ट वजनाच्या पाचपट असावा असं बरेच जण सांगतात. छोट्या मोटरींना हे नेहमी जमत नाही, पण तिपटीच्या फारसं खाली मी तरी जाणार नाही, आणि वारा असेल तर तिपटीच्या खाली मुळीच नाही.

वजन करताना मोटर, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून भरायचा कागद), पॅराशूट, कॅमेरा सगळं आत भरून करा. किटच्या खोक्यावरचा आकडा रिकाम्या रॉकेटचा असतो. इपॉक्सी फिन्सपाशी कमी वापरा, कारण शेपटीला वाढलेलं वजन तोलायला नाकात आणखी माती भरावी लागते आणि एकूण वजन पुन्हा वाढतं. उलट फार हलकं केलं तरी फायदा नाही. पिसासारखं रॉकेट झपकन सुटतं, पण हवेच्या विरोधापुढे लगेच दमतं.

मी इंजिनिअर नाही, आकडे ढोबळ आहेत. तुमच्या मोटरच्या पाकिटावरचं आणि तुमच्या देशातल्या नियमांचंच खरं माना, आणि मोटर घरी बनवायचा विचार कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. नव्या मोटरवर पहिलं उड्डाण कॅमेरा काढून करा. तो किती ग्रॅमचा आहे ते इथे लिहिलंत तर सी5-3 चा डिले त्या वजनाला जुळतो का, ते ओपनरॉकेटमध्ये घालून सांगतो.