शाळेच्या आवारातल्या उंबरापासून सुरुवात कर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तिसरी-चौथीच्या मुलांना परिसंस्था कशी शिकवू, चांगला तक्ता कुठे मिळेल, असं तू विचारलं आहेस. तक्ता मिळेल गं, पण तो भिंतीवर लावायची घाई करू नकोस. त्यात बहुतेक वेळा एक सिंह आणि एक हरीण असतं. आजऱ्याच्या मुलांनी सिंह कुठे पाहिलाय? उलट ओढ्याकाठच्या बिळात खेकडा आहे की नाही, हे ती तोंडावरची ओली माती बघून सांगतात. कोण कुणाच्या आधाराने जगतं हे कळायचं तर डोळ्यांसमोरची, रोज जाता-येता दिसणारी एकच जागा धरावी लागते आणि वर्षभर तिथेच पुन्हा पुन्हा जावं लागतं.

तुझ्या शाळेत बोअरिंगजवळ उंबर आहे म्हणतेस. मग आणखी काय हवं? दत्ताचं झाड म्हणून त्याला कुणी कुऱ्हाड लावलेली नाही, हे मुलांना आजी-आजोबांकडून ठाऊक असेल. ते आधी त्यांनाच सांगू दे. गावाने झाड राखलं ही गोष्टसुद्धा त्या परिसंस्थेचाच भाग आहे.

पहिल्या दिवशी काही शिकवू नकोस. झाडाखाली बसवून एवढंच विचार, ‘इथे कोण कोण राहतं, कोण नुसतं जेवायला येतं?’ कावळा, खार, मुंग्या ही नावं लगेच येतील. मग खोडाच्या सालीत, पानांच्या मागच्या बाजूला, मुळांपाशी बघायला लाव. उंबराच्या पानांवर फोड आल्यासारख्या गाठी असतात. त्या एका बारीक किडीमुळे येतात आणि तिची पिल्लं त्या गाठीतच वाढतात. सकाळी लवकर गेलात तर खाली चघळून टाकलेला चोथाही सापडेल. तो रात्रीच्या वटवाघळांचा. शाळा बंद असतानाही झाडावर वर्दळ असते, हे मुलांना त्या चोथ्यावरून पटतं.

नंतर रंग धरू लागलेलं एक उंबर ब्लेडने मधोमध काप. ब्लेड तुझ्याच हातात राहू दे. ‘बाई, किडलंय!’ असा गलका होईल. होऊ दे. मग भिंग दे आणि सावकाश सांग. उंबराची फुलं दिसत नाहीत, कारण ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आतच असतात. केंबरं म्हणजे उंबरात वाढणारे बारीक कीटक. त्यांची जेमतेम दोन मिलिमीटरची मादी टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. आत ती परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पिल्लांमधल्या नरांना पंख नसतात. ते बाहेर पडायची वाट पोखरतात आणि नव्या माद्या पराग घेऊन त्या वाटेने दुसऱ्या उंबराकडे उडतात. या केंबराशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय केंबराला घर नाही. फळातली सगळीच केंबरं या कामाची नसतात, काही नुसती फुकट राहणारीही असतात. पण ते चौथीच्या पुढे सांग.

उंबराला वर्षातून अनेकदा बहर येतो, म्हणून इतर झाडांवर काही नसतानाही तांबट, कोकीळ, बुलबुल इथे येतात. नशीब असेल तर हरियालही दिसेल, आपला राज्यपक्षी. त्यांच्या विष्ठेतून बिया लांब जातात.

आता माझ्या आग्रहाची गोष्ट. शाळेत रोज सकाळी पालापाचोळा झाडून पेटवतात. ते थांबव. मुख्याध्यापकांशी बोल, भांडावं लागलं तरी भांड. पाचोळा झाडाच्या बुंध्याशी ओढून ठेवा आणि पावसाळाभर दर आठवड्याला एक ओंजळ उचलून बघा. बुरशीचे पांढरे धागे, पैसा किडा, गांडूळ, वाळवी, आणि शेवटी जाळी उरलेलं पान. अन्नसाखळी शिकवताना आपण गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड इथे थांबतो. गरुड मेल्यावर काय होतं हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर या ओंजळीत आहे. आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1935 साली परिसंस्थेची कल्पना मांडली, तेव्हा माती, पाणी, हवा हेही सजीवांच्या बरोबरीने धरायला हवं, यावर त्यांचा भर होता. पान कुजून माती होताना मुलांनी स्वतः पाहिलं की ‘जैविक-अजैविक’ पाठ करून घ्यावं लागत नाही.

वहीत बाण काढताना मुलं हमखास उलटा काढतात, साप बेडकाकडे जातो म्हणून सापाकडून बेडकाकडे. नुसतं ‘चूक’ म्हणू नकोस. ‘अन्न कुठून कुठे गेलं?’ एवढं विचार, बाण आपोआप फिरतो. सुतळीचा खेळ घे, म्हणजे गोलात उभं राहून कोण कुणावर जगतं तशी एकाकडून दुसऱ्याकडे सुतळी ताणत न्यायची. पण दिवाळीनंतर, मुलांनी स्वतः पाहिलेलीच नावं छातीवर लावून. केंबरं झालेल्या मुलीला सुतळी सोडायला सांग. ताण कुणाकुणाच्या हातात ढिला झाला ते मुलंच सांगतील.

उपयोगी प्राणी आणि उपद्रवी प्राणी अशा दोन रांगा फळ्यावर करू नकोस. त्या एकदा डोक्यात बसल्या की साप दिसताच दगड उचलला जातो. व्याख्या परीक्षेआधी लिहून दे, चार ओळींत संपते.

दगड उलटायचा तर काठीने, पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे विंचू असला तर पलीकडे निघेल. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा. बिळात हात घालायचा नाही. आग्या मोहोळ असेल तिकडे वर्ग न्यायचाच नाही. उंबराचा चीक डोळ्यांना लागू देऊ नकोस.

पानं कधी गळली, फळं कधी लागली, कोणता पक्षी कधी आला, याची तारखेसह एक वही वर्गात ठेव आणि जूनमध्ये ती पुढच्या तिसरीच्या हातात दे. सोबत दोन भिंगं पाठवते आहे. पहिला बहर कापून बघितलात की काय काय दिसलं ते मुलांच्याच अक्षरात लिहून पाठव.

तुझी,
बाई