‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेतल्या माणसांच्या बारा वसाहती बायबलमधून आल्या आहेत का?

हो, पण वाटेत मॉर्मन हा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ लागतो. १९७८च्या मूळ मालिकेचा कर्ता ग्लेन लार्सन त्याच पंथाचा. मालिकेतला ‘कोबोल’ ग्रह म्हणजे मॉर्मनांच्या धर्मग्रंथातला ‘कोलोब’ हा तारा, अक्षरं फिरवलेली! बारा वसाहतींमागे इस्रायलचे बारा वंश. त्यातल्या उत्तरेकडच्यांना असिरियाने इ.स.पू. ७२२च्या सुमारास पांगवलं.

आम्हा अलिबागकरांना ही हरवलेल्या वंशांची गोष्ट परकी नाही. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तेच आपले पूर्वज, असं बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, सांगतात. तेल गाळायचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. पुराव्याच्या बाबतीत अभ्यासक जरा हात राखूनच बोलतात.

नव्या मालिकेत गंमत उलटी: माणसं अनेक देव मानतात, त्यांच्याशी लढणारी यंत्रं एकच. मला तीच जास्त आवडली.