ज्युपिटरलॅबच्या लाँचरमधून स्वतः बनवलेले अ‍ॅप कसे सुरू करावे? त्यासाठी एक्स्टेन्शन लिहावेच लागते का?

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार विभागाच्या ज्युपिटरहबवर (अनेकांना ज्युपिटरलॅब पुरवणाऱ्या सामाईक सर्व्हरवर) सर्वांच्या नोटबुक चालतात, निकाल पाहण्यासाठी तुम्ही स्ट्रीमलिटमध्ये (पायथनमधून वेब-अ‍ॅप बनवण्याच्या लायब्ररीत) एक अ‍ॅप लिहिले आहे आणि टर्मिनलमधून ते सुरूही होते. मात्र ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा 8501 पोर्ट उघडला की पान येत नाही. एक्स्टेन्शन लिहिण्याची गरज नाही. एक्स्टेन्शन म्हणजे टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला, ज्युपिटरलॅबच्या आवृत्त्यांबरोबर सांभाळत बसावा लागणारा स्वतंत्र प्रकल्प असतो, आणि ज्युपिटरलॅबच्या मेनूत, संपादकात किंवा फाइलींच्या यादीत काही नवे घालायचे असेल तेव्हाच तो खटाटोप सार्थ ठरतो. तयार वेब-अ‍ॅप उघडण्यापुरते काम ‘ज्युपिटर-सर्व्हर-प्रॉक्सी’ या पॅकेजने होते.

पान न येण्याचे कारण साधे आहे. स्ट्रीमलिट हबच्या यंत्रावर चालू आहे, तर ब्राउझरच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप. शिवाय हबचे इतर पोर्ट बाहेरच्यांसाठी बहुधा बंदच ठेवलेले असतात. वर सांगितलेले पॅकेज ज्युपिटरच्या सर्व्हरमध्येच बसते आणि ब्राउझरची मागणी त्याच लॉगिनखाली आतल्या पोर्टपर्यंत पोहोचवते. ते बसवल्यावर अ‍ॅप टर्मिनलमधून सुरू करावे, ज्युपिटरलॅबच्या पत्त्यातला शेवटचा ‘लॅब’ हा भाग काढून तेथे ‘प्रॉक्सी/8501/’ असे (अर्थात इंग्रजी अक्षरांत) लिहावे आणि शेवटची तिरकी रेघ विसरू नये. हे पान नीट उघडल्याशिवाय लाँचरच्या मागे लागू नये, असा माझा आग्रह असतो. कारण अ‍ॅपमधला दोष आणि नोंदणीतला दोष एकदा एकमेकांत मिसळले की शोध फार लांबतो.

त्यानंतर ज्युपिटर-सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलीत, ‘सर्व्हरप्रॉक्सी’च्या ‘सर्व्हर्स’ या डिक्शनरीत, अ‍ॅपच्या नावाने एक नोंद करावी. तिच्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे ‘कमांड’: टर्मिनलमध्ये जी आज्ञा देता तीच येथे शब्दाशब्दाने तोडून यादीच्या रूपात द्यायची असते, फक्त पोर्टचा आकडा लिहायचा त्या जागी महिरपी कंसात ‘पोर्ट’ हा शब्द घालायचा, म्हणजे मोकळा पोर्ट शोधण्याचे काम प्रॉक्सी स्वतः करते आणि एकाच यंत्रावरचे अनेक वापरकर्ते 8501 साठी भांडत नाहीत. ‘लाँचर-एंट्री’मध्ये लाँचरमधल्या (नवे काही उघडण्याच्या पानावरच्या) चौकटीवरचे शीर्षक आणि एसव्हीजी चिन्हाचा संपूर्ण मार्ग द्यावा. अ‍ॅप ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये न जाता नोटबुकच्या शेजारीच उघडायला हवे असेल, तर नव्या टॅबचा पर्याय ‘फॉल्स’ करावा. हे बदल केल्यावर पान ताजे करून भागत नाही. हबच्या नियंत्रण पानावरून आपला सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. चौकटीवर प्रथम टिचकी मारली जाते तेव्हाच अ‍ॅपची प्रक्रिया सुरू होते, आणि प्रत्येक वापरकर्त्याची प्रक्रिया वेगळी असल्यामुळे स्मृतीचा हिशेबही माणशी करावा.

अडथळे बहुधा पुढच्या ठिकाणी येतात. अ‍ॅप उत्तर देऊ लागेपर्यंत प्रॉक्सी मुळात 5 सेकंदच थांबते. पांडाज (माहितीचे तक्ते हाताळणारी लायब्ररी) आणि एखादे मोठे मॉडेल लोड होत असेल तर ‘टाइमआउट’ 30 किंवा 60 करावा. स्ट्रीमलिट पहिल्यांदा चालवताना ईमेल विचारते आणि येथे उत्तर द्यायला कोणीच नसते, म्हणून ‘हेडलेस’ पर्याय चालू ठेवावा. तसेच ते मुळात यंत्राच्या सर्व नेटवर्क-पत्त्यांवर ऐकत बसते, त्याला 127.0.0.1 (म्हणजे त्या यंत्राचाच आतला पत्ता) एवढ्यावरच बांधून ठेवावे. उद्या हेच अ‍ॅप डॅशमध्ये (स्ट्रीमलिटसारख्याच दुसऱ्या लायब्ररीत) लिहाल तर पत्त्याचा उपसर्ग त्याला वेगळा कळवावा लागेल, नाहीतर पान कोरे दिसते.

सुरक्षेबाबत मात्र थोडे थांबून विचार करावा. 2024 मध्ये या पॅकेजमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली होती: वेबसॉकेटच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सतत उघड्या राहणाऱ्या) जोडणीला लॉगिन तपासलेच जात नव्हते. ती 4.1.1 आणि 3.2.3 या आवृत्त्यांत दुरुस्त झाली, आणि त्याच वर्षी आणखी एक दुरुस्ती आल्यामुळे 4.2.0 च्या खालची चौथी आवृत्ती वापरू नये. दुसरी गोष्ट, तुमचा हब प्रत्येकाला वेगळा कंटेनर (इतरांपासून अलग ठेवलेली जागा) देत नसेल आणि सर्वजण एकाच यंत्रावर असतील, तर तुमचा आतला पोर्ट त्या यंत्रावरच्या इतरांना थेट गाठता येतो. तेथे ज्युपिटरचे लॉगिन आडवे येत नाही. विद्यार्थ्यांचे गुण किंवा रुग्णांची माहिती अ‍ॅपमध्ये असेल, तर कंटेनर तरी हवा किंवा पोर्टऐवजी युनिक्स सॉकेट (फाइलीसारखी परवानगी लावता येणारा आतला संपर्कमार्ग) तरी.

पॅकेज कोठे बसवायचे यात पुष्कळांची गल्लत होते. ज्या पायथनमधून ज्युपिटरचा सर्व्हर चालतो तेथे ते असायला हवे. कर्नलच्या (नोटबुकमधला कोड चालवणाऱ्या प्रक्रियेच्या) कोंडा-एन्व्हायरनमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजेसच्या वेगळ्या संचात, बसवून उपयोग नाही. उलट तुमच्या अ‍ॅपची पॅकेजेस त्या कर्नलच्या एन्व्हायरनमेंटमध्येच राहू द्यावीत आणि ‘कमांड’मध्ये तेथील स्ट्रीमलिटचा संपूर्ण मार्ग लिहावा. सर्व सहकाऱ्यांना चौकट दिसायची असेल तर हीच नोंद पायथन पॅकेजच्या एंट्री-पॉइंटमधूनही करता येते. ते पॅकेज व्यवस्थापकांनी सर्व्हरच्या पायथनमध्ये एकदा बसवले की प्रत्येकाची कॉन्फिगरेशन फाइल हाताळावी लागत नाही.

शेवटी एक मर्यादा आधीच जाणून घ्या: असे सुरू झालेले अ‍ॅप कर्नलपासून वेगळे असते, त्यामुळे नोटबुकमध्ये तयार केलेली डेटाफ्रेम (माहितीचा तक्ता) त्याला दिसत नाही. ती पार्केट फाइलीत लिहून अ‍ॅपने वाचावी, हे पुष्कळदा पुरेसे होते. चालू कर्नलमधल्या व्हेरिएबलशीच खेळायचे असेल, तर आयपीविजेट्स (नोटबुकमध्येच बटणे, सरकपट्ट्या दाखवणारी लायब्ररी) वापरावे, किंवा डॅश 2.11 पासून अ‍ॅप नोटबुकमधूनच चालवण्याची सोय आहे ती पाहावी. तेथे प्रॉक्सीची नोंद आणि लाँचरची चौकट या दोन्हींची आवश्यकता उरत नाही, पण कर्नल थांबला की अ‍ॅपही थांबते.